खिडकीकडे पाठ ठेवून

मी, खाली सही करणारी, रुग्णालयाच्या धुलाईघरातली निवृत्त मुकादम, नळवाल्याची विधवा, दोन मुलांची आई आणि पाण्याच्या टाकीमागच्या सार्वजनिक बागेत बिनपगारी राबणाऱ्यांपैकी सगळ्यात जुनी, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि त्याच बैठकीत पुढची थंडी काही मला दिसणार नाही हेही सांगितलं आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक दाखवलेला नाही. धाक दाखवून माझ्याकडून कोणी साधी उशीची खोळसुद्धा रांग सोडून आधी इस्त्री करून घेतली नाही. खात्री करायची असेल त्याने धुलाईघरात जाऊन विचारावं.

वकीलबाई म्हणतात, "मावशी, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. कुणाला काय, एवढंच लिहा." पण कारणं मी लिहिली नाहीत तर माझ्यामागे लोक आपापली लावतील. म्हणून लिहिते. मुद्दा एकच आहे: मी गेल्यावर माझ्या थोरलीचं काय होणार. तेवढा सुटला की बाकी सगळी चिल्लर आहे.

कलम १. माझे अंत्यविधी साधे आणि लवकर उरकावेत. ते थंडी ओसरतानाच्या दिवसांत आले तर रविवार टाळावा. त्या रविवारांना बागेत छाटणी असते, वाफे उकरायचे असतात, खताचा ढीग उलथायचा असतो. माझ्या निमित्ताने कामं तुंबली असं मला ऐकायचं नाही. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर बागेतल्या त्या निवृत्त प्राचार्यांना बोलायला देऊ नये, ते खताच्या ढिगावरसुद्धा अर्धा तास बोलतात.

कलम २. माझं राहतं घर, तळमजला, मागचं अंगण आणि अंगणाला उघडणारी मागची खोली धरून, मी माझ्या थोरल्या मुलीला संपूर्ण मालकीहक्काने देते. यात धाकट्याचा म्हणजे माझ्या मुलाचा कोणताही हिस्सा नाही.

थोरली गेली कित्येक वर्षं मागच्या खोलीत असते. ती वेडी नाही. जेवते, अंघोळ करते, वाचते, गोळ्या वेळेवर घेते. महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या डॉक्टरबाई येतात, त्यांना ती दार उघडते. माझ्याशी दारातून थोडं बोलते. बाकी कोणाशी नाही. तिच्या मागे कोण उभं राहणार, याचं उत्तर धाकट्याने मागच्या भेटीत आणलं होतं. अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचं रंगीत छापलेलं पत्रक होतं.

"आई, ताईला असं कोंडून ठेवून तू तिचं भलं करत नाहीयेस. तिथे डॉक्टर आहेत, माणसं आहेत. बागसुद्धा आहे."

"बाग आहे?"

"चांगली मोठी आहे."

"मग तूच जाऊन राहा ना दोन महिने. तुझाही रंग उतरलाय."

तो चिडला. पत्रक टेबलावर ठेवून गेला. मी त्यावर भाज्या निवडल्या.

धाकट्या, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा मान खाली घालू नकोस. तू वाईट नाहीस. तुला घाई आहे. लहानपणीसुद्धा तू कुंडीत बी पेरून दुसऱ्या दिवशी उकरून बघायचास, कोंब आला का म्हणून. पी हळद आणि हो गोरी, असा तुझा स्वभाव. घर तुझ्या हाती गेलं तर तू वर्षाच्या आत ताईची 'सोय' लावशील, मनापासून लावशील आणि रोज रात्री शांत झोपशील. मला तुझी झोप मोडायची नाही. पण तिची सोय करू द्यायची नाही.

कलम ३. बँकेतली माझी सगळी ठेव धाकट्याला. तुझ्या बाबांची पाना-पकडीची पेटीही तुलाच. नळाला पाणी येतं यापलीकडे तुला नळातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे, तरी ठेव. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातली गळती काढत फिरला आणि आपल्या घरातला नळ टिपटिपत राहिला. बागेतली पाण्याची लाईन मात्र त्याने फुकट टाकून दिली आणि ती अजून गळत नाही.

कलम ४. सूनबाईला माझी वजनदार इस्त्री. ती एकदा म्हणाली होती, "आई, तुमच्यासारखी कड कुणालाच येत नाही." खुशामत होती, पण मला आवडली होती.

कलम ५. जावयाला काही नाही. त्यालाही काही नको असणार. नात गेल्यावर तो आणि थोरली एका घरात राहू शकले नाहीत. दोघांपैकी कोणी बोललं की दुसऱ्याला लागायचं, गप्प राहिलं तरी लागायचं. मी त्याला दोष देत नाही. नातीची ट्रंक थोरलीच्या पलंगाखाली आहे. ती कोणी हलवू नये. तो कधी बघायला आला तर मागच्या अंगणाच्या फाटकाने यावं, पायरीवर बसावं आणि थोरलीने ट्रंक बाहेर सरकवायची की नाही ते तिच्यावर सोडावं.

नात्यातल्या ज्या बाई भेटायला येऊन थोरलीला म्हणाल्या होत्या, "अजून वय आहे तुझं, दुसरं होईल," त्यांना माझ्या घरातलं काहीही मिळू नये. पाण्याचा पेलासुद्धा नाही. वकीलबाई म्हणतात याला कायद्यात अर्थ नाही. मी म्हटलं, लिहा.

कलम ६. बागकामाची अवजारं. दाताळं, दोन खुरपी, कुदळ, झारी आणि ढकलगाडी बागमंडळींना मिळून. ढकलगाडीचं चाक डावीकडे ओढतं, त्याला तेल नको, सवय हवी. छाटणीची कात्री मात्र रविवारी बागेत येणाऱ्या नाक्यावरच्या न्हाव्याला. बागेत कात्री हातात आली की भल्याभल्यांच्या अंगात येतं. गुलाबाचं झुडूप छाटायला सांगावं तर खुंट उरतो. कुठे थांबायचं हे एकट्या न्हाव्याला कळतं. एकदा मी त्याला विचारलं तर म्हणाला, "काकू, गिऱ्हाईक आरशात बघत असतं ना. तीच सवय."

कलम ७. बागेतला माझा वाफा माझ्या मालकीचा नाही, त्यामुळे तो मला देता येत नाही. यादीत ज्याचा नंबर असेल त्याला जावा. फक्त त्याच्या शेजारची, कुंपणालगतची मोकळी जागा तशीच मोकळी ठेवावी अशी माझी विनंती आहे. तिथे काही लावू नये. नावाची पाटी ठोकू नये, बाक टाकू नये. मंडळाच्या बैठकीत पाटीचा ठराव दोनदा आला आणि दोनदा मी तो हाणून पाडला. तिसऱ्यांदा मी नसेन, म्हणून इथे लिहिते. का, तेही लिहिते, कारण नव्या लोकांना माहीत नाही आणि जुने सांगणार नाहीत.

त्या जागी माझ्या नातीने तुतीचं रोप लावलं होतं. थंडी ओसरतानाचा कामाचा रविवार होता. थोरली तिला घेऊन आली होती. पोर शाळेतही जायला लागली नव्हती. खड्डा मी काढला, रोप तिने धरलं, माती सगळ्यांनी लोटली. त्याच वर्षी ती तापाने गेली. साधा ताप वाटला होता.

पुढच्या थंडीत रोपाची पानं झडली. त्यात नवल काही नव्हतं, तुतीची झडतातच. मग ऊन तापायला लागलं, बागेत जे ते झाड फुटायला लागलं, आणि तुतीची काडी तशीच उभी. तुती उशिरा उठते. थंडी पुरती गेल्याची खात्री पटेपर्यंत डोळे उघडत नाही. हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. पण ते रोप कोणाचं होतं हेही प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे कोणाच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

झाड वाळलंय की झोपलंय हे बघायची आमची एक रीत आहे. नखाने साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर गेलं. एवढ्या खरवडीने झाडाला काही होत नाही. तर त्या दिवसांत बागेतलं एकेक माणूस, कोणाला न सांगता, पाणी घालायच्या नाहीतर तण काढायच्या निमित्ताने कुंपणाकडे जायचं आणि नख लावून बघायचं. आधीची खरवड दिसली की मनात म्हणायचं, तिथे पुन्हा नको, बिचाऱ्या रोपाला दुखेल, आणि मायेने दुसरी बाजू निवडायचं. दिसायचं हिरवंच. मग ते माणूस थोरलीकडे येऊन सांगायचं, "आतून हिरवं आहे गं. काळजी करू नकोस." ती प्रत्येकाला "बरं झालं" म्हणायची.

पेन्सिलीएवढं खोड ते. सगळ्यांच्या मायेने मिळून त्याची साल गोल सगळीकडून काढली. फुटीचे डोळे फुगले आणि फुगलेलेच वाळले.

माझं नख त्यात नव्हतं. ते माझं शहाणपण नव्हे. हिरवं दिसलं नाही तर काय करायचं, या भीतीने मी त्या कुंपणाकडे फिरकलेच नव्हते.

बैठक बोलावली गेली. आमच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त गणिताच्या बाई. कामाच्या रविवारी त्या गळ्यात शिट्टी अडकवून फिरतात, म्हणून त्यांना सगळे मागून शिट्टीबाई म्हणतात. समोर म्हणायची छाती फक्त माझी. त्यांनी शिट्टी वाजवली आणि विचारलं, "कोणी केलं हे?" प्रत्येकाला वाटत होतं, मी तर एकदाच केलं. मी बघत होते, एकेकाचा हात हळूच पाठीमागे जात होता. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? शिट्टीबाईंचेही हात मागेच होते.

थोरली स्वतः जाऊन ते खोड बघून आली. घरी येऊन तिने मला एवढंच विचारलं, "आई, किती जणांनी?"

त्यानंतर ती मागच्या खोलीत गेली. तिथेही लोक येतच राहिले. जेवलीस का, झोप लागते का, बोलून मोकळी हो, रडून घे, आज चेहरा बरा दिसतोय हां. एकेकाचं एकदाच. त्यातलं कोणीही वाईट नव्हतं. माझा राग त्यामुळेच कुठे टेकत नाही. वाईट माणूस असता तर त्याला शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी शिट्टीबाईंना नेमते. वकीलबाईंनी मला दोनदा विचारलं, "नक्की ना मावशी?" नक्की.

बैठकीनंतर बऱ्याच दिवसांनी त्या माझ्या दारात आल्या. शिट्टी गळ्यात नव्हती. दोन्ही हात पुढे केले. नखं पार मांसापर्यंत कापलेली होती.

म्हणाल्या, "त्यात माझंही नख होतं. एकदाच लावलं होतं."

"एकदाच सगळ्यांनीच लावलंय, बाई."

"मग आता मी काय करू ते सांगा."

मला त्यांना घालवून द्यायचं होतं. तोंडाला आलं ते बोलले, "मागचं अंगण माजलंय. तण काढा. खिडकीकडे पाठ ठेवून काढा. आणि तोंडातून शब्द नको."

मला वाटलं होतं, एक रविवार येतील. त्या अजून येतात. खिडकीकडे पाठ करून उकिडव्या बसतात, काम करतात, हात धुतात, जातात. गुडघे दुखतात त्यांचे, उठताना भिंत धरतात, पण हूं की चूं नाही. गेल्या साली अशाच दिवसांत त्या गुलाबाची वाळकी फांदी काढत होत्या आणि मागची खिडकी थोडी उघडली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. शिट्टीबाईंना आवाज आला होता, त्यांची मान ताठ झाली होती. थोरली खिडकीत उभी होती. शिट्टीबाई वळल्या नाहीत. फांदी कापत राहिल्या. खिडकी बराच वेळ उघडी होती.

हे मला जमलं नसतं. मी आई आहे, मी धावत गेले असते. म्हणून त्यांना नेमते.

मी त्यांना माफ केलेलं नाही. माफी वेगळी, नेमणूक वेगळी. दोन्हींची गल्लत करून त्यांनी माझ्या फोटोसमोर डोळे पुसू नयेत.

कलम ९. व्यवस्थापकांनी थोरलीसाठी पुढील व्यवस्था ठेवावी:

दवाखान्याच्या डॉक्टरबाईंच्या भेटी आणि गोळ्या चालू ठेवाव्यात. याबाबत हयगय नको. रोजचा डबा मागच्या पायरीवर ठेवावा. रिकामा परत आला तर उत्तम, भरलेला आला तर तोंडं पाडू नयेत. सलग भरलेला यायला लागला तर डॉक्टरबाईंना कळवावं, शेजाऱ्यांना नव्हे.

दरवर्षी थंडी ओसरताना, कामाच्या पहिल्या रविवारी, बागमंडळींपैकी दोघांनी मागच्या अंगणात यावं. दोनच, जत्रा नको. गुलाब डोळ्याच्या वर तिरके छाटावेत. वाफ्यावरचा पाचोळा एकदम ओढून काढू नये, रात्री अजून गार असतात, आधी अर्धा काढावा. माती ओली चिकट असेल तर तिच्यावर चालू नये. मुठीत दाबून बघावी, गोळा फुटला तरच कुदळ लावावी. खत मिसळावं. रोपांसाठी बी ट्रेमध्ये पेरून ते खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवावं, आतून हात पोचेल इतक्या अंतरावर. पाणी कोणी घातलं याची चौकशी करू नये. ते वाळलं तरी बोलू नये. पुढच्या वर्षी पुन्हा पेरावं.

कशी आहेस, आता बरं वाटतंय ना, बाहेर बघ किती छान ऊन पडलंय, ही वाक्यं माझ्या अंगणात बोलायला कायमची बंदी आहे. आपसात हळू आवाजात भांडायला हरकत नाही. भांडणं ऐकायला तिला लहानपणापासून आवडतात.

कलम १०. थोरली तिच्या हयातीत या घरात राहील. तिच्यामागे घर बागमंडळाला जावं आणि मागच्या खोलीत अवजारं ठेवावीत.

पुरवणी, माझ्या स्वतःच्या हाताने

वरची सगळी कलमं टंकून झाली. वकीलबाई, दोन साक्षीदार आणि मी, असे आम्ही आज सकाळी सही करायला बसलो होतो. साक्षीदार गल्लीतला छापखानेवाला आणि वाचनालयाच्या बाई. न्हाव्याला कात्री मिळायची असल्यामुळे तो साक्षीदार चालत नाही, याचं त्याला वाईट वाटलं. सही करण्यापूर्वी मी म्हटलं, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तिने ऐकायला हवं. मी कागद घेऊन मागच्या खोलीच्या दारापाशी स्टुलावर बसले आणि पहिल्यापासून सगळं मोठ्याने वाचलं. मध्ये दम लागला तेव्हा थांबले. नातीचं कलमही गाळलं नाही.

संपल्यावर मी म्हटलं, "झालं. आता सही करते."

आतून थोरली म्हणाली, "आई, दहावं परत वाच."

मी वाचलं. थोरली तिच्या हयातीत या घरात राहील.

"तू सगळं मी इथेच राहणार असं धरून लिहिलंयस."

मी पानं उलटून पुन्हा बघितली.

"मी घर विकलं, दुसरीकडे राहायला गेले, तर? ते कुठेच नाही यात."

पाचोळा कधी काढायचा, डबा कुठे ठेवायचा, कोणी काय बोलायचं नाही, मरेपर्यंत आणि मेल्यानंतरही, सगळं मी लिहिलं होतं. आणि माझी मुलगी कधीतरी त्या खोलीतून बाहेर पडेल, हे एवढ्या पानांत मला एकदाही सुचलं नव्हतं. मला वाटत होतं, साऱ्या जगात तिच्यावर विश्वास ठेवणारी मी एकटी आहे. स्टुलावर बसून मी रडले. छापखानेवाल्याने पाणी आणून दिलं.

"जाणार आहेस?" एवढं मी विचारलं. विचारायला नको होतं.

मग म्हणाली, "जाईनच असं नाही. पण लिहून ठेव."

म्हणून लिहिते.

कलम १० रद्द.

कलम ११. थोरलीला हे घर विकायचं असेल, सोडायचं असेल, कुलूप लावून निघून जायचं असेल, तर तिला कोणीही अडवू नये, समजावू नये आणि शाबासकीही देऊ नये. ट्रंक न्यायची की ठेवायची ते तिचं ती बघेल. कुठे चाललीस असं विचारू नये. ती परत आली तर का आलीस असंही विचारू नये. ती कधीच कुठे गेली नाही, तर तेही तिचंच. वरच्या कोणत्याही कलमाचा या कलमाशी विरोध आला तर हे कलम चालेल, बाकीची पडतील.

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, एवढं बांधून ठेवलेलं सगळं एका कलमाने सुटतंय." मी म्हटलं, सुटू दे.

कलम ११ मी तिला वाचून दाखवलं. ती "बरं" म्हणाली.

(सही)
धुलाईघरातली निवृत्त मुकादम, मृत्युपत्र करून ठेवणारी

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की वरील बाईंनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली, त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि पुरवणीतलं अक्षर त्यांचंच आहे. त्या रडल्या हेही नोंदवावं असं त्यांनीच सांगितलं. कलम ११ आम्ही दोघांनी ऐकलं, आतल्या बाईंचा होकारही ऐकला.

साक्षीदार पहिला: छापखानेवाला (सही)
साक्षीदार दुसरी: वाचनालयाच्या बाई (सही)

स्थळ: राहतं घर, मागच्या खोलीच्या दारासमोर. दार बंद.
दिनांक: थंडी ओसरतानाच्या कामाच्या पहिल्या रविवारचा आदला दिवस. उद्या मला जाता येणार नाही.